विश्लेषण : देवमाशांसाठी कोकणात संशोधन केंद्र कशाला हवे?

दहिवली-कर्जतहून समुद्र दिसत नाही. पण याच रायगडात, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जून २०१५ मध्ये सुमारे ४२ फुटांचा निळा देवमासा जिवंत लागला आणि प्रयत्न करूनही दगावला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू वाळूत रुतले. बोटीने ओढून ते समुद्रात नेले, तरी वाचले नाही.

देवमासा हा सस्तन प्राणी. पाण्याबाहेर त्याची फुप्फुसे स्वतःच्याच वजनाखाली दबतात. मेल्यानंतर चरबीचा जाड थर उष्णता आत कोंडून ठेवतो, त्यामुळे अवयव झपाट्याने कुजतात. जहाजाची धडक, जाळे, प्लॅस्टिक की आजार, हे कळायचे तर नमुने पहिल्या काही तासांतच घ्यावे लागतात. प्रत्यक्षात घाई असते ती पुरण्याची. दुर्गंधी पाहता तीही समजण्यासारखी. पण पुरावाही खड्ड्यात जातो.

कांदळवन कक्षाचे ऐरोलीत सागरी जैवविविधता केंद्र आहे, केंद्र सरकारची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. मात्र ७२० किलोमीटरच्या किनाऱ्याला मध्यावर प्रशिक्षित पशुवैद्यक, शीतगृह आणि प्रयोगशाळा लागेल. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहेच. केंद्र त्याला जोडले तर सुरुवात सोपी जाईल.