पत्त्याचा अर्थ कोणाचा?

नाशकातील माझ्या एका विद्यार्थ्याने नोकरीच्या परीक्षेचा अर्जच भरला नाही. टॅरोच्या ७८ पत्त्यांतून त्याला तेरावा, मृत्यूचा पत्ता निघाला होता. वस्तुतः भविष्य सांगणारे या पत्त्याचा अर्थ बहुधा ‘जुन्याचा शेवट, नव्याचा आरंभ’ असा लावतात; आणि हे वाक्य कोणास लागू पडणार नाही? १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना एकच स्वभाववर्णन ‘खास तुमचे’ म्हणून दिले. त्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण बहाल केले. जत्रेतील पोपटाची चिठ्ठीही याच न्यायाने खरी ठरते. अर्थ पत्त्यात नसतो, आपल्या आशेत वा भीतीत असतो. हुकलेल्या संधीची किंमत मात्र पत्ता मोजत नाही; तरुणालाच मोजावी लागते.