मुलाने वाट बदलली तर?

बाप तांबट, तर मुलगाही तांबट. बाप उपाध्याय, तर मुलगाही उपाध्याय. पूर्वी असेच चाले. मुलगा बापाशेजारी बसे, बघून बघून शिके. त्याला वेगळी शाळा लागत नसे.

नाशिकची तांबट आळी तुम्हांला ठाऊक असेल. तिथे तांब्या-पितळेची भांडी घडत. तांबे ठोकले की कडक होते. मग ते लाल होईपर्यंत तापवायचे, म्हणजे पुन्हा मऊ होते. किती तापवायचे, हातोडी कुठे आणि किती जोराने मारायची, हे पुस्तकात नव्हते. ते बापाच्या हातात होते.

पुढे ॲल्युमिनियमची भांडी आली. मग स्टीलची आली. त्यांना कल्हई लागत नाही. तांब्याच्या हंड्याचे गिऱ्हाईक घटले. मुले नाशिक रोडच्या प्रेसमध्ये, ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला लागली. त्यांचे काय चुकले? पोट तर भरायलाच हवे. पण बाप मनात म्हणतो, “माझ्यामागं ही हत्यारं कोण धरील?” त्याचे दुःखही खोटे नाही.

कुणी पोटासाठी वाट बदलतो, तर कुणी आवडीसाठी. दादासाहेब फाळके यांचेच पाहा. त्यांचे नाव धुंडिराज. १८७० साली नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला त्यांचा जन्म झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलालाही घरी तेच शिक्षण मिळाले. पण धुंडिराजला नाद चित्रांचा. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. पुढे फोटो काढायला शिकला, छपाई शिकला. शास्त्र्यांचा मुलगा शास्त्री झाला नाही.

१९१३ साली दादासाहेबांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला. मग ते नाशिकला आले आणि तिथे चित्रपट काढू लागले. १९४४ साली नाशिकलाच ते वारले.

वडिलांची गादी त्यांनी चालवली नाही. मग घरातले सगळेच गेले का? नाही. हरिश्चंद्र, लंकादहन, कालियामर्दन या त्यांच्या चित्रपटांच्या कथा पाहा. त्या पुराणांतल्याच आहेत. शास्त्र्यांच्या घरात वाढलेल्या मुलाने त्याच गोष्टी पडद्यावर आणल्या. ‘कालियामर्दन’मध्ये तर त्यांची मुलगी मंदाकिनी हीच कृष्ण झाली होती.

पण आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण पाहायला मिळत नाही. त्याचा थोडा भागच उरला आहे. जुने असो की नवे, जे जपले नाही ते गेले.

म्हणून मुलाला ओढून आपल्या जागी बसवू नका. त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. पण आपल्याजवळचे त्याला द्यायला विसरू नका. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. एक वही करा. आजीला विचारा, तिच्या ओव्या लिहून घ्या. सणावाराच्या रीती लिहा. आपल्या धंद्यातल्या खुणा लिहा. हत्यारांची नावे लिहा. जे लिहून कळत नाही, ते सुटीच्या दिवशी मुलाला करून दाखवा. एकदा हातोडी त्याच्याही हातात द्या.

हे काम उद्यावर टाकू नका. घरातली म्हातारी माणसे आहेत, तोवरच विचारता येते.