मुका संगणक बोलता करताना
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रत्नागिरीकडच्या नारळी-पोफळीच्या बागेत शिंपणे चालू असते. पंप सुरू असतो, पण शेवटच्या माडाला पाणी पोचत नाही. म्हणून कोणी लगेच पंप खोलत नाही. आधी पाट कुठे अडला ते पाहतात. संगणकावर लिनक्स बसवल्यावर आवाज आला नाही, तर हाच मार्ग धरावा. साउंड कार्ड बिघडले, असे घाईने ठरवू नये.

लिनक्समध्ये कार्डाकडून काम करून घेते ती ‘अल्सा’ नावाची यंत्रणा. यारोस्लाव्ह किसेला यांच्या पुढाकाराने १९९८ साली तिचे काम सुरू झाले आणि डिसेंबर २००३ मधल्या २.६ या आवृत्तीपासून ती लिनक्सच्या गाभ्यात आली. त्यामुळे बहुतेक कार्डांसाठी वेगळी सीडी लागत नाही. अडते ते इतरत्र.

प्रथम स्पीकरची वायर हिरव्या खाचेत आहे ना, ते पाहा. मग सेटिंगमधल्या ‘साउंड’मध्ये जा. एचडीएमआय वायरने जोडलेला मॉनिटरही आवाजाची एक वाट मानला जातो. त्याला स्पीकर नसेल, तर आवाज तिकडे जाऊन विरतो. तिथे आपला स्पीकर निवडा.

तरीही शांतता असेल, तर टर्मिनल उघडून इंग्रजीत ‘अल्सामिक्सर’ टाइप करा. एफ ६ दाबून कार्ड निवडा. उभ्या पट्ट्यांखाली ‘एमएम’ दिसले, तर तो आवाज बंद आहे. ‘एम’ दाबले की तो खुला होतो. वरच्या बाणाने वाढतो. यादीत कार्डच नसेल, तर नव्या लॅपटॉपवर ‘साउंड ओपन फर्मवेअर’चे पॅकेज बसवावे लागण्याची शक्यता असते.

एवढा खटाटोप गाण्यांसाठीच का? नाही. लिनक्सवर ‘ओर्का’ हा मोफत वाचक पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो; ‘ईस्पीक’च्या जोडीने मराठीही वाचतो. आवाज गेला की डोळसाचे गाणे हुकते, पण अंध विद्यार्थ्याचा अख्खा संगणक बंद पडतो. शिवाय बंद झालेला आवाज सुरू करायला जो पडदा पाहावा लागतो, तोच त्याला दिसत नसतो. अशा वेळी शेजारच्या डोळसाने पाच मिनिटे बसून पाट मोकळा करून द्यावा. पुढचे सारे तो विद्यार्थी स्वतः करील.