कॉम्पॅक्ट डिस्क वादक, घरगुती

कॉम्पॅक्ट डिस्क या तबकडीवर अंकांच्या स्वरूपात साठविलेला ध्वनी लेसर किरणाच्या साहाय्याने वाचून त्याचे पुन्हा विद्युत् संदेशात रूपांतर करणाऱ्या उपकरणास कॉम्पॅक्ट डिस्क वादक असे म्हणतात. मूळ ध्वनीशी शक्य तितके इमान राखणाऱ्या घरगुती ध्वनियंत्रणेला हाय-फाय यंत्रणा म्हणतात. वादक, त्याच्या क्षीण संदेशाची शक्ती वाढविणारा विवर्धक आणि संदेशाचे श्राव्य ध्वनीत रूपांतर करणारी ध्वनिक्षेपकांची (लाउडस्पीकरांची) जोडी हे या यंत्रणेचे तीन मुख्य घटक होत. यांपैकी वादक हा दुवा सर्वसाधारणपणे सर्वांत निर्दोष असतो. त्यामुळे संगीतश्रवणाचा आनंद मुख्यत्वे मूळ ध्वनिमुद्रण, ध्वनिक्षेपक, श्रवणाची खोली आणि तबकड्यांची निगा यांवर अवलंबून राहतो.

इतिहास : नेदर्लंड्समधील फिलिप्स या कंपनीने ८ मार्च १९७९ रोजी आइंटहोव्हेन येथे प्रकाशीय ध्वनितबकडीचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. त्यानंतर फिलिप्स व जपानमधील सोनी या कंपन्यांनी संयुक्तपणे तबकडीचे मानक ठरविले. १९८० साली सिद्ध झालेले हे मानक मुखपृष्ठाच्या रंगावरून ‘रेड बुक’ या नावाने ओळखले जाते. ऑगस्ट १९८२ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागेन येथे तबकड्यांचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा वादक जपानमध्ये विक्रीस आला. त्याची किंमत १,६८,००० येन होती. १९८३ मध्ये यूरोप व अमेरिका येथेही वादक उपलब्ध झाले.

दीर्घ रचनांच्या दृष्टीने या माध्यमाचे महत्त्व विशेष आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर साधारणपणे तीन ते साडेतीन मिनिटांचे, तर १९४८ मध्ये आलेल्या दीर्घवादन ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सु. २० ते २५ मिनिटांचे संगीत मावत असे. कॉम्पॅक्ट डिस्कवर सु. ७४ मिनिटांचे सलग मुद्रण होऊ शकते. परिणामी सिंफनीप्रमाणेच विलंबित व द्रुत ख्यालासह एखाद्या रागाची सविस्तर मांडणीही बाजू न उलटता ऐकता येऊ लागली. सुईच्या घर्षणाची खरखर नसल्यामुळे तानपुऱ्याचा विरत जाणारा झंकार व दोन स्वरांमधील शांतता या गोष्टीही स्पष्ट जाणवू लागल्या.

अंकीय मुद्रण : ध्वनीच्या विद्युत् संदेशाचे प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा मापन करण्यात येते व प्रत्येक माप १६ द्विमान अंकांनी, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीने, दर्शविले जाते. संदेशातील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर मूळ संदेश पुन्हा पूर्णपणे मिळविता येतो. मानवी श्रवणाची वरची मर्यादा सु. २०,००० हर्ट्‌झ असल्याने हा वेग पुरेसा ठरतो. ४४,१०० ही विशिष्ट संख्या मात्र व्यावहारिक कारणाने आली. प्रारंभी अंकीय ध्वनी व्हिडिओ फितीवर साठविला जात असे. सेकंदाला ६० क्षेत्रे, प्रत्येक क्षेत्रात उपयोगी २४५ रेषा व प्रत्येक रेषेत ३ नमुने यांचा गुणाकार ४४,१०० होतो. सर्वांत मोठा व सर्वांत लहान ध्वनी यांच्या पातळ्यांतील अंतर या पद्धतीत सु. ९६ डेसिबेल असते. दीर्घवादन ध्वनिमुद्रिकेत ते याहून बरेच कमी असते.

तबकडीची रचना : तबकडीचा व्यास १२० मिमी., जाडी १·२ मिमी. व मधल्या छिद्राचा व्यास १५ मिमी. असतो. पारदर्शक पॉलिकार्बोनेटाच्या एका पृष्ठावर सूक्ष्म खळगे ठशाने उमटविलेले असतात. त्यावर परावर्तनासाठी ॲल्युमिनियमाचा अतिशय पातळ थर, त्यावर संरक्षक लाखेचा लेप व शेवटी छपाई असते. खळग्यांची सर्पिल वाट आतून बाहेर जाते व तिच्या लगतच्या वेढ्यांतील अंतर १·६ मायक्रोमीटर असते.

वादकाचे कार्य : अर्धसंवाहक लेसरापासून निघणारा ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त किरण भिंगाने खळग्यांच्या पातळीवर केंद्रित केला जातो. खळग्याची खोली पॉलिकार्बोनेटातील तरंगलांबीच्या सु. एक चतुर्थांश ठेवलेली असते. त्यामुळे खळग्यावरून व लगतच्या सपाट भागावरून परतणाऱ्या प्रकाशात सु. अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडून ते व्यतिकरणाने एकमेकांस क्षीण करतात. प्रकाशाच्या तीव्रतेतील हे बदल प्रकाशसंवेदक ओळखतो. खळगा म्हणजे शून्य व सपाटी म्हणजे एक असा समज रूढ असला, तरी तो बरोबर नाही. खळग्याची कडा म्हणजे ‘एक’ आणि कडांमधील अंतर म्हणजे ‘शून्यांची’ संख्या होय.

फिरताना तबकडी थोडी वरखाली होते व वाटही बाजूला सरकते. म्हणून भिंगाला चुंबकीय वेटोळ्यांच्या साहाय्याने सतत हलवून किरण केंद्रित व वाटेवर ठेवला जातो. वाचनाचा रेषीय वेग सेकंदाला १·२ ते १·४ मी. इतका स्थिर राखावयाचा असल्याने तबकडी आरंभी मिनिटाला सु. ५०० व शेवटी सु. २०० फेरे घेते. वाचलेले अंक आधी तात्पुरत्या स्मृतीत साठविले जातात व तेथून क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या अचूक तालावर बाहेर पाठविले जातात. यामुळे यांत्रिक गतीतील लहानसहान चढउतार स्वरात उमटत नाहीत.

दोषनिवारण : मुद्रणाच्या वेळी मूळ अंकांत काही जादा अंक मिसळलेले असतात व लगतच्या नमुन्यांची माहिती वाटेवर दूरदूर विखुरलेली असते. एखाद्या ओरखड्याने सु. २·५ मिमी. लांबीची वाट वाचता आली नाही, तरी हरवलेले अंक जादा अंकांवरून गणिताने तंतोतंत परत मिळविता येतात. याहून मोठ्या दोषात शेजारच्या नमुन्यांवरून अंदाज बांधला जातो आणि तेही अशक्य झाल्यास ध्वनी क्षणभर बंद केला जातो. किरण तबकडीच्या खालच्या पृष्ठावर शिरतो तेथे त्याचा व्यास मिलिमीटरच्या सु. तीन चतुर्थांश इतका मोठा असल्यामुळे धुळीचे बारीक कण वाचनात फारसा अडथळा आणत नाहीत.

अंकांपासून ध्वनीकडे : अंकांचे विद्युत् दाबात रूपांतर करणाऱ्या मंडलाबाबत प्रारंभीच्या वादकांत दोन मार्ग अवलंबिले गेले. सोनीने १६ अंकी परिवर्तक वापरला. फिलिप्सने १४ अंकी परिवर्तक वापरून नमुन्यांचा वेग चौपट केला व त्यायोगे १६ अंकांच्या तोडीची अचूकता साधली. वेग वाढविल्याने पुढील छानक मंडल साधे करता येते, म्हणून पुढे ही रीती सर्वत्र रूढ झाली. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एकअंकी अतिवेगवान परिवर्तक आले आणि स्वस्त वादकांतही चांगली अचूकता मिळू लागली.

अधिक अंकांच्या नव्या माध्यमांशी तुलना केली असताही हे माध्यम अपुरे ठरलेले नाही. २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर व मोरान यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च दर्जाचा संदेश मधूनमधून १६ अंकी, ४४,१०० नमुन्यांच्या मंडलातून नेण्यात आला. नेहमीच्या आवाजाच्या पातळीवर श्रोत्यांना हा बदल ओळखता आला नाही.

यंत्रणेतील जोडणी : वादकाचा निर्गत संदेश सामान्यतः कमाल सु. २ व्होल्ट असतो व तो विवर्धकाच्या साध्या आदानाला जोडावयाचा असतो. ध्वनिमुद्रिका वादकासाठी असलेले आदान काही मिलिव्होल्टच्या संदेशासाठी योजलेले असून त्यात नीच कंप्रता वाढविल्या व उच्च कंप्रता दाबल्या जातात. तेथे वादक जोडल्यास ध्वनी अतिशय विकृत होतो. दोन वादकांची तुलना करताना दोहोंची ध्वनिपातळी मोजून सारखी करणे आवश्यक असते, कारण किंचित मोठा आवाज श्रोत्याला अधिक चांगला वाटतो. महागड्या वादकाचा वाटणारा सरसपणा पुष्कळदा एवढ्यानेच नाहीसा होतो.

ध्वनिमुद्रणाचा दर्जा : ९६ डेसिबेलांचा अवकाश उपलब्ध असला, तरी तो वापरणे मुद्रण करणाऱ्यांच्या हाती असते. १९९० नंतर लोकप्रिय संगीताच्या अनेक तबकड्यांत सरासरी पातळी वाढविण्यासाठी आघातांची शिखरे दाबण्यात वा छाटण्यात आली. अशी तबकडी प्रथम ठसठशीत वाटते, परंतु हळू व मोठ्या स्वरांतील भेद पुसला गेल्याने थोड्याच वेळात कानांना थकवा आणते. हा दोष तबकडीतच असल्याने कोणताही वादक तो दूर करू शकत नाही. म्हणून एकाच संगीताच्या जुन्या व नव्या आवृत्तींपैकी नवीच सरस असेल, असे गृहीत धरता येत नाही.

ध्वनिक्षेपक व खोली : ध्वनिक्षेपकातील विकृती वादकातील विकृतीच्या कित्येक पट असते, म्हणून खर्चाचा मोठा वाटा ध्वनिक्षेपकांवर करणे हितावह ठरते. दोन ध्वनिक्षेपक व श्रोता हे समभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूंवर असल्यास गायक व वाद्ये यांच्या जागा स्पष्ट भासतात. समोरासमोरच्या भिंतींमध्ये अनुस्पंदन होऊन काही नीच स्वर फुगतात. भिंतींमधील अंतर ५ मी. असल्यास अशी पहिली कंप्रता सु. ३४ हर्ट्‌झ येते. ध्वनिक्षेपक कोपऱ्यापासून दूर सरकविल्यास हा फुगवटा कमी होतो. फरशीची जमीन व उघड्या भिंती यांमुळे उच्च स्वर घुमतात. सतरंजी, जाड पडदे व पुस्तकांची कपाटे यांनी त्यांस बराच आळा बसतो.

निगा : तबकडीची छपाईची बाजू अधिक नाजूक असते, कारण ॲल्युमिनियमाचा थर तिच्या लगेच खाली असतो. तबकडी कडेने धरावी व मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोलाकार पुसल्यास पडणारा ओरखडा वाटेच्या दिशेने जाऊन दोषनिवारणाच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतो. लाखेचा लेप सदोष असल्यास ॲल्युमिनियम गंजते व तबकडी निकामी होते. घरी मुद्रित केलेल्या तबकड्यांतील रंजकद्रव्य ऊन व उष्णता यांनी बिघडते. वादकात भिंगावर धूळ बसणे, तबकडीचा खण उघडणारा रबरी पट्टा सैल होणे व लेसर क्षीण होणे हे नेहमीचे दोष होत.

एकविसाव्या शतकात आंतरजालावरील संगीतसेवांमुळे तबकड्यांचा खप फार घटला. २०२२ मध्ये अमेरिकेत ध्वनिमुद्रिकांची विक्री नगांच्या संख्येतही कॉम्पॅक्ट डिस्कपेक्षा अधिक झाली. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. जुन्या वादकांसाठी लेसर यंत्रणेचे सुटे भाग मिळणे कठीण होत चालल्याने जतन करण्याजोग्या तबकड्यांतील अंक संगणकावर तंतोतंत उतरवून ठेवणे इष्ट ठरते. अंक अबाधित राहिले, तर वादक बदलला, तरी संगीत तेच राहते.