तंतूंच्या गोष्टी – लेखांक ११ : पिळाच्या आत पीळ

आज वेतावर लिहीन असं म्हटलं होतं. वेताला आठवडाभर थांबावं लागेल, कारण आमच्या जुईनगरातल्याच एका वाचक ताईंचा निरोप आला आहे. गावचं घर आवरताना त्यांनी आजीची बाज इकडे आणली. शिसवी चौकट अजून खणखणीत आहे, सुंभ मात्र झोळीसारखा लोंबतोय. त्या विचारतात, सुंभ काढून नायलॉनची पट्टी मारून घेऊ का?

नका मारू, ताई. का ते सांगतो.

तुमचा निरोप वाचल्यावर त्याच रात्री मी बाल्कनीत पत्र्याच्या ताटलीवर वीतभर सुंभ पेटवला आणि शेजारी तेवढीच नायलॉनची दोरी. दोरी वितळली, तिचे थेंब झाले आणि शेवटी एक काळी गोळी ताटलीला चिकटून बसली. सुंभ धुमसत राहिला, विझला, आणि राखेत पेडांचे वळसे जसेच्या तसे दिसत होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसांसाठी वापरतो. मुळात ते अचूक निरीक्षण आहे. सुंभ ज्या काथ्याचा वळतात, त्यातलं सेल्युलोज आणि लिग्निन वितळत नाही, जागच्या जागी कोळसा होतं. म्हणून आकार टिकतो.

पण मला वेड लावलंय ते आतल्या पिळानं. काथ्याचा एकच धागा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्याच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोजचे तंतू स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असतात, धाग्याच्या लांबीशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून. तागात हा कोन जेमतेम ८ अंशांचा, म्हणजे तंतू जवळपास सरळच. त्यामुळे ताग ओढायला काथ्यापेक्षा कितीतरी बळकट, पण शंभराला दोन इतकाही न ताणता तो तुटतो. काथ्या शंभराला पंधरा ते तीस ताणतो आणि मगच हार मानतो. माणूस बाजेवर धपकन बसतो तेव्हा तो धक्का पोटात घ्यायला हाच गुण लागतो. दोरीला पीळ माणूस देतो. धाग्याला तो माडानंच दिलेला असतो.

दमट हवेची भीती असेल, तर तीही सोडा. काथ्यात लिग्निन ४० टक्क्यांच्या वर असतं, आणि बुरशीला ते सहज पचत नाही. कोकणात नारळाची सोडणं महिनोन्‌महिने खाडीच्या चिखलात कुजवत ठेवायचे. धाग्यांना धरून ठेवणारा चिकट भाग कुजायचा, धागा राहायचा. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज मे २०२५मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीनं शिवल्या आहेत. समुद्राच्या पाण्यात जो टिकतो, तो जुईनगरच्या पावसाळ्याला काय घाबरणार!

आणि सुंभ सैल पडतो हा दोष नव्हेच. बाज विणणाऱ्यानं ते आधीच धरलेलं असतं. म्हणून तर विणकाम पायथ्याच्या गात्याला, म्हणजे पायांकडच्या आडव्या लाकडाला, भिडवत नाहीत. तिथं वीतभर जागा सोडून फक्त ताणाची दोरी फिरवतात. तीच ओढायची. नायलॉनची पट्टी नको याचं आणखी एक कारण. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायचे, ओव्याचा धूर अंगाला लागावा म्हणून. तो सुंभाच्या जाळीतूनच वर यायचा. घट्ट बसवलेल्या पट्ट्यांतून तो कसा येणार?

तेव्हा आधी ताणाची दोरी सोडा, एका टोकापासून एकेक वेढा ओढत जा आणि शेवटी गाठ मारा. आठवड्यानं पुन्हा. सुंभ ठिकठिकाणी तुटला असेल, तर सगळा नवा भरून घ्या. चौकट तीच राहू द्या. ताण बसल्यावर एखादा पाय डुगडुगला, तर सुताराला बोलवा, कारण मग दुखणं सांध्याचं आहे, सुंभाचं नाही.

वेत पुढच्या आठवड्यात. त्याला पीळ देत नाहीत, सोलतात. तिथली तऱ्हाच वेगळी.