उंचीच्या आकड्यांची घडी

भिलाईची भूमी पाहणाऱ्यास सपाटच भासते. ज्या पोलादाच्या कारखान्यात १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, त्याच्या भोवतालचे हे मैदान शिवनाथ नदीच्या खोऱ्यात मोडते. अशा प्रदेशात पावसाचे पाणी कोणत्या बाजूस वळेल हे एखाद्या मीटरच्या चढउतारावर ठरते. तेव्हा तेथील उंचीचे आकडे साठविताना त्यांत नवी चूक शिरू देणे परवडत नाही.

फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अमेरिकी अवकाशयानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरील बहुतेक भूमीची उंची मोजली. भिलाई ज्या चौकटीत येते ती अक्षांश २१ ते २२ व रेखांश ८१ ते ८२ यांमधील होय. सुमारे ३० मीटरांवर एक, असे तिच्या प्रत्येक बाजूस ३,६०१ बिंदू, एकूण १,२९,६७,२०१. प्रत्येक उंचीस दोन बाइट धरले, तरी या एकाच चौकटीस सुमारे २ कोटी ६० लाख बाइट लागतात. भारतास अशा शेकडो चौकटी हव्यात.

हा भार हलका करण्याच्या क्रियेस संक्षेपण म्हणतात. समजा, एका ओळीत २९७, २९७, २९८, २९८, २९९ अशा उंच्या आहेत. पहिली तेवढी पूर्ण लिहून पुढे केवळ फरक लिहिले, तर ०, १, ०, १ एवढेच उरते. तेच तेच लहान आकडे पुन्हा पुन्हा आले की 'डिफ्लेट'सारखी पद्धत त्यांची घट्ट घडी घालते, आणि घडी उलगडताच मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. 'जिओटिफ' या फाइलप्रकारात ही सोय आहे. शिवाय तीत जालिकेचे लहान तुकडे पाडता येतात; ज्याला भिलाईच पाहावयाची आहे त्याने सारी फाइल उलगडण्याचे कारण नाही.

छायाचित्रांची 'जेपेग' पद्धत याहूनही लहान फाइल देते, पण येथे ती घातक ठरते. तिच्या नेहमीच्या प्रकारात छटा २५६च असतात. ३०० मीटरांचा चढउतार त्यांत बसविला तर प्रत्येक पायरी मीटरहून उंच होते. त्यातच आठ-आठ बिंदूंच्या तुकड्यांच्या कडांवर खोटे बांध उभे राहतात, आणि नकाशातील पाणी तेथे अडते.

याच्या उलट अतिरेकही आढळतो. उंची २९७.४१८३ अशी लिहिणे व्यर्थ होय. या मोजणीत १६ मीटरांपर्यंतची चूक गृहीतच धरलेली होती. असे निरर्थक शेवटचे अंक एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून घडी बसत नाही. चूक किती चालेल हे आधीच सांगून त्या मर्यादेत आकडे आखूड करणारी 'लर्क' ही पद्धत येथे उपयोगी पडते. भिंतीवर टांगावयाच्या छायांकित नकाशास मात्र जेपेग पुरेसे आहे.