केळीच्या वाढीसाठी निंबोळीचा वापर : कार्य आणि मर्यादा
(पारशिवनी परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
महाराष्ट्रात केळीचा विचार जळगावपासून सुरू होतो. तेथील केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. विदर्भात केळीसाठी वर्धा जिल्ह्यातील सेलू परिसराचे नाव घेतले जाई. नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीच्या पेंच जलाशयाचे पाणी आहे. परंतु कालव्याखालील क्षेत्रात प्राधान्य धानाला मिळते. येथे केळी लावू पाहणाऱ्या शेतकऱ्यापुढे खताच्या खर्चाबरोबरच फवारणीतील धोक्याचा प्रश्न उभा राहतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विदर्भाला विसरता येण्यासारखे नाही. म्हणून बांधावरच्या कडुनिंबाचा केळीसाठी कितपत उपयोग होतो, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

निंबोळीचे कार्य :
निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडीला तत्काळ मारीत नाही. ते तिची भूक मंदावते आणि कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणते. पाच टक्के अर्कासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भुकटी १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळतात, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळतात व एकूण द्रावण १०० लिटर करतात. उन्हात हे द्रव्य लवकर विघटित होत असल्याने फवारणी सायंकाळी करणे इष्ट. दुपारी फवारून 'अर्काचा गुण आला नाही' असे म्हणणे अर्कावर अन्याय करणारे आहे.

केळीचा कंद पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्यावर फवारणी फारशी पोहोचत नाही. तेथे पेंड किंवा भुकटी मातीतच द्यावी लागते. केनियातील प्रयोगांत दर बुंध्याला ६० ते १०० ग्रॅम निंबोळी भुकटी लागवडीच्या वेळी व नंतर दर चार महिन्यांनी दिल्याने या भुंग्याचे नुकसान घटले. शिवाय पेंडीमुळे मातीतील नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर मंदावते, म्हणजेच दिलेला युरिया अधिक काळ पिकाच्या उपयोगी पडतो.

मर्यादा :
मात्र पेंड हे रासायनिक खताला संपूर्ण पर्याय ठरू शकत नाही. केळीच्या एका झाडाला सुमारे २०० ग्रॅम नत्र व तितकेच पालाश शिफारस केले जाते. पेंडीत नत्र सुमारे ५ टक्के आणि पालाश जेमतेम दीड टक्का असते. केवळ पेंडीतून ही गरज भागवायची झाल्यास नत्रासाठी झाडामागे ४ किलो, तर पालाशसाठी १३ किलोंहून अधिक पेंड लागेल. हा हिशेब कोणत्याही शेतकऱ्याला परवडणारा नाही. घड भरण्यासाठी पालाश अत्यावश्यक असल्याने ते स्वतंत्रपणे, हप्त्याहप्त्याने द्यावेच लागते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. जळगाव भागात 'हरण्या' म्हणून ओळखला जाणारा विषाणूजन्य रोग मावा किडीमार्फत पसरतो. मावा पानात सोंड खुपसताच काही क्षणांत विषाणू झाडात शिरतो. सावकाश परिणाम करणारा निंबोळी अर्क तेथे अपुरा पडतो. कपाशीवरील मावाही या रोगाचा वाहक आहे, तर मिरची व काकडीवर्गीय पिके विषाणूला आश्रय देतात. कपाशी आणि मिरची या दोन्ही पिकांशी परिचित असलेल्या या भागात केळीत मिरचीचे आंतरपीक घेण्याचा मोह म्हणूनच टाळावा, आणि पानावर पिवळे पट्टे दिसताच ते झाड कंदासह उपटून बागेबाहेर नष्ट करावे.